गाव बुडाले की बुडवले?

पावसाने जोर धरला की जुलैच्या सुमारास एक बातमी हमखास वाचायला मिळते. तलाव भरले, मुंबईकरांची चिंता मिटली! आपण ती वाचतो आणि पान उलटतो. आज त्या बातमीतल्या शब्दांपाशी थोडे थांबू या. पर्यावरणाचा अभ्यास पाणी, माती, झाडे मोजून होतो हे खरेच. पण त्यांच्याविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हेही तपासायला हवे.

'तलाव' म्हटले की निसर्गाने आपणहून साठवलेले पाणी डोळ्यांपुढे येते. पण शहापूर तालुक्यातला तानसा म्हणजे 1892 साली बांधून झालेले धरण. त्याच तालुक्यातल्या भातसा धरणात मुंबईसाठीच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी मावते. 'तलाव' या शब्दात भिंत दिसत नाही आणि भिंतीमागे गेलेली जमीनही दिसत नाही. आणि चिंता मिटली ती कुणाची? याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. बातमी खोटी नसते; ती शहराच्या नळापाशी उभी राहून लिहिलेली असते, इतकेच.

शाळेतले व्याकरण आठवा. 'बुडणे' अकर्मक, 'बुडवणे' सकर्मक. गाव बुडाले म्हटले की सारे पाण्यावर ढकलता येते. बुडवले म्हटले की कोणी, कशासाठी, मोबदला काय, हे विचारावेच लागते. सरकारी कागद तिसरी वाट काढतो : 'जमीन संपादित करण्यात आली.' वाक्य पूर्ण, कर्ता गैरहजर!

मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या नियोजित धरणाचे काम वनजमिनीची मंजुरी नसताना सुरू झाले होते. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. अशा प्रकल्पाच्या कागदांत 'बुडीत क्षेत्र' हा शब्द असतो. चूल पेटती असलेले गाव भिंत उभी राहण्याआधीच 'बुडीत' ठरते; बुडीत कर्जासारखे, हिशेबातून वजा.

शब्दांचा हा झगडा जुना आहे. इकडचा शेतकरी पावसाआधी पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जमीन भाजतो आणि तिथे भाताचे रोप करतो. हा 'राब'. इंग्रजी अमलातल्या वनखात्याला त्यात झाडांची नासाडी दिसली, शेतकऱ्याला वर्षाचे अन्न. ठाणे-कुलाब्यातल्या अशा गाऱ्हाण्यांसाठी 1885 मध्ये आयोग नेमावा लागला.

इथे साहित्य उपयोगी पडते. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी धरणाने उठवलेल्या माणसांची आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याविषयी आहे. 'प्रकल्पग्रस्त' किंवा 'आदिवासी' या ठोकळ शब्दांना अशा पुस्तकांत घर, भूक आणि राग मिळतो. मात्र कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. नकाशा, सातबारा आणि पाण्याचे आकडे सोबत हवेतच.

हा अभ्यास कोणत्याही शाळेत करता येईल. एका नदीविषयीची बातमी, सरकारी नोटीस, एखादी कथा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक वाक्यातला कर्ता अधोरेखित करा. जिथे कर्ता सापडणार नाही, तिथे पहिला प्रश्न विचारा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)