स्वनिर्मित मोटारीतील समायोज्य दांडे व त्यांचे सांधे : निवड आणि खरेदी

प्रस्तावना :

मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २००७ साली ‘बाजा एसएई इंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांनी स्वतः मोटार बांधणे ही गोष्ट अपवादात्मक राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये हौशी व्यक्तीने घरी बांधलेल्या मोटारीची एकेकटी तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मात्र उत्पादकाने आपल्या नमुना वाहनाची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी, या अपेक्षेवर उभा आहे. साहजिकच आपल्या विद्यार्थ्यांची मोटार महाविद्यालयाचे आवार व स्पर्धेची धावपट्टी यांपुरतीच राहते. ती रस्त्यावर येत नाही म्हणून तिच्यात बसणाऱ्या विद्यार्थ्याचा धोका कमी होतो, असे नाही.

अशा मोटारीच्या इंजिनाची व सांगाड्याची चर्चा पुष्कळ होते. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने क्षुल्लक वाटेल असा आहे : लांबी कमी-अधिक करता येणारे छोटे दांडे, त्यांच्या टोकांचे गोलकसांधे आणि ते मिळवण्याची रीत. शर्यतीच्या मोटारींवर लिहिणारे अमेरिकन अभियंता कॅरोल स्मिथ यांना नट, बोल्ट व जोडण्या एवढ्याच विषयावर १९९० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, ते उगीच नव्हे.

रचना :

समायोज्य दांडा म्हणजे मध्ये पोलादी नळी आणि दोन्ही टोकांस आट्यांनी बसवलेला एकेक ‘रॉड एंड’. रॉड एंडच्या डोक्यात भोक असलेला पोलादी गोलक असतो व तो काही अंशांपर्यंत सर्व दिशांना कलतो. ब्रिटनमध्ये यास ‘रोज जॉइंट’, तर अमेरिकेत ‘हाइम जॉइंट’ म्हणतात. ही दोन्ही नावे ते बनवणाऱ्या कंपन्यांवरून पडली. एका टोकास नेहमीचे उजवे आटे व दुसऱ्यास डावे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत उलटे आटे असले, की नळी जागच्या जागी फिरवून लांबी बदलता येते. शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नाही. ट्रॅक्टरला नांगर जोडताना वरच्या बाजूस लावतात ती ‘टॉप लिंक’ याच पद्धतीची असते. सायकलीच्या डाव्या पेडलचे उलटे आटे तर आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत.

एम १० या मापाच्या आट्यांचे अंतर १.५ मिमी असते. नळी एकदा पूर्ण फिरवली, की दोन्ही टोकांचे मिळून ३ मिमी अंतर बदलते. चाकाच्या वरच्या व खालच्या सांध्यांत २०० मिमी अंतर असेल, तर एवढ्या बदलाने चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, अर्थात कॅम्बर, सुमारे ०.८६ अंशाने बदलतो. अर्ध्या अंशाचा फरक वळणावर जाणवतो, हे ध्यानी घेता एक फेरा ही स्थूलच पायरी म्हणावी लागेल.

ताण कोणत्या दिशेने येतो, हा या विषयाचा गाभा आहे. दांडा ओढला वा दाबला जातो तेव्हा बल आट्यांच्या अक्षावरून जाते. एम १० आट्यांचे ताणक्षेत्र ५८ चौरस मिमी असल्याने एक किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाइतक्या बलाने तेथे जेमतेम १७ मेगापास्कल ताण निर्माण होतो. तेच बल गोलकावर आडवे आले आणि आट्यांच्या तोंडापासून त्याचे अंतर २० मिमी असले, तर आट्यांच्या तळाशी, जेथे व्यास ८.१६ मिमीच उरतो, सुमारे ३७५ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे बल तेवढेच असून ताण वीस पटींहून अधिक! शिवाय आट्यांच्या खाचेत ताण एकवटतो आणि मोटार धावत असताना तो पुनःपुन्हा उलटसुलट होत राहतो. औद्योगिक वापराच्या साध्या रॉड एंडकडून हे सोसण्याची अपेक्षाच चुकीची आहे. विशबोनच्या चाकाकडील टोकास रॉड एंड लावून त्याच्याच आट्यांवर कॅम्बर जुळवण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. तेथे ब्रेक लावताच आडवे बल येते. त्या जागी पोलादी घरात दाबून बसवलेले गोलक-बेअरिंग वापरावे आणि कॅम्बर पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमने जुळवावा. वरील मापाने एक मिमीची शिम ०.२९ अंश देते, म्हणजे सूक्ष्मताही अधिक मिळते.

कोठे मिळतात :

रॉड एंड ही वस्तू मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात शोधणे व्यर्थ होय. तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वेष्टनयंत्रे, छपाईयंत्रे व हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर. त्यामुळे ती बेअरिंगच्या व्यापाऱ्याकडे मिळते. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याच्या भोसरी-चिंचवड परिसरातील विक्रेत्यांकडे ‘पीओएस १०’ (बाहेरून आटे) वा ‘पीएचएस १०’ (आतून आटे) एवढे सांगितले तरी काम होते. अडचण डाव्या आट्यांची. चार पुशरॉड, स्टिअरिंगचे दोन टाय रॉड व मागच्या चाकांचे दोन टो-लिंक धरले, तर आठ दांड्यांस सोळा रॉड एंड लागतात आणि त्यांतील आठ डावे. डाव्यांची मागणी कमी, म्हणून साठाही कमी. ते मागवावे लागतात व वाट पाहावी लागते. नळीसाठी डाव्या आट्यांचा टॅपही लागतो, ही गोष्ट बहुधा शेवटच्या आठवड्यात आठवते. म्हणून आधी बाजार पाहावा व मग आराखडा काढावा, हा क्रम मला अधिक व्यवहार्य वाटतो. डावे मिळालेच नाहीत, तर दोन्ही टोकांस उजवे लावून एक टोक सोडवून अर्धा फेरा द्यावा. लांबी ०.७५ मिमीने बदलते. हे कष्टाचे आहे, पण सुरक्षित आहे.

जुन्या बाजारातील वस्तू रेडिएटरच्या आधारास चालेल, चाकाशी संबंधित ठिकाणी नव्हे. तिने पूर्वी काय सोसले, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. नामांकित कंपनीच्या खोक्यात बनावट माल येतो, तो धोका वेगळाच.

खरेदीची पद्धत :

येथे प्रश्न अभियांत्रिकीकडून कार्यालयाकडे येतो. तीन दरपत्रके मागवून किमान दर स्वीकारणे ही आपली रूढ पद्धत आहे व ती मूलतः दोषास्पद नाही. परंतु मागणीपत्रात ‘रॉड एंड, एम १०, नग १६’ एवढेच लिहिले असेल, तर खरेदी समिती स्वस्तात स्वस्त नग निवडणार आणि त्यासाठी तिला बोल लावता येणार नाही. मागणीपत्रात आट्यांचे माप व दिशा, गोलकाच्या भोकाचा व्यास, आवश्यक स्थिर भारक्षमता, उत्पादकाचा भाग-क्रमांक आणि अधिकृत विक्रेत्याचे देयक या बाबी असाव्यात. ‘अथवा समतुल्य’ हे आपले आवडते शब्द लिहायचेच असतील, तर समतुल्यता कोण ठरवणार तेही लिहावे. हे काम मार्गदर्शक प्राध्यापकाचे आहे, लेखापालाचे नव्हे.

माल आल्यावर डावे-उजवे नग वेगळे करून त्यांवर रंगाची खूण करावी. जोडणी करताना आट्यांच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबी नळीत गेली आहे, हे नळीस पाडलेल्या बारीक भोकातून तपासावे. प्रत्येक टोकास चेकनट आवळावा. सांध्याचा बोल्ट शक्यतो दोन्ही बाजूंनी आधारलेला असावा. जेथे तसे करणे अशक्य असेल, तेथे गोलकाहून मोठ्या व्यासाचा वॉशर लावावा, म्हणजे गोलक निसटला तरी दांडा सुटून पडत नाही. स्पर्धा संपल्यावर चाकांशी जोडलेले रॉड एंड पुढील वर्षीच्या संघाच्या कपाटात ठेवू नयेत. साठा नोंदवहीत त्यांची नोंद रद्द करून, करवतीने डोके कापून ते भंगारात द्यावेत.