घरगुती सीएनसी: होमिंगला कोणता सेन्सर?

होमिंग म्हणजे यंत्र चालू केल्यावर प्रत्येक अक्षाने आपला शून्यबिंदू शोधणे. कस लागतो तो दर वेळी त्याच जागी थांबण्यात.

• मायक्रोस्विच: सर्वांत स्वस्त. पट्टी वाकली की बिंदू सरकतो.

• इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी: स्पर्श नाही, भुशाचा त्रास नाही. फक्त धातू ओळखतो. पल्ला 4 मिमी लिहिला असेल, तर तो लोखंडासाठी. ॲल्युमिनियमसमोर निम्म्याहून कमी. त्यामुळे समोर लोखंडी स्क्रू लावतात.

• ऑप्टिकल: नेमका, पण फटीत धूळ साचली की फसतो. अंजूर-भिवंडीकडे शेजारी यंत्रमाग असेल, तर कापसाचे तंतूही आलेच.

जोडणी ‘नॉर्मली क्लोज्ड’ (एरवी परिपथ जोडलेला) बरी; तार तुटली तर लगेच कळते. जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या फर्मवेअरमध्ये $22=1 केल्यावर होमिंगची सोय चालू होते. मूळ सेटिंग: शोध मिनिटाला 500 मिमी, मग माघार, दुसरा स्पर्श मिनिटाला 25 मिमीने.