दिव्यांग बंदी आणि वाजवी समायोजन : तळोजा कारागृहाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कारावास म्हणजे स्वातंत्र्याचा संकोच होय. पाणी पिणे, शौचास जाणे, वाचणे या क्षमतांचा संकोच त्यात अभिप्रेत नसतो. न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत तर अद्याप गुन्हाच सिद्ध झालेला नसतो. तथापि, सर्वांना सारखाच लागू होणारा नियम दिव्यांग व्यक्तीच्या वाट्याला अधिक कठोर होऊन येतो. पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहाशी संबंधित दोन प्रकरणे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत.

पेला आणि चष्मा :

एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले फादर स्टॅन स्वामी त्या वेळी ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे (पार्किन्सन) हात थरथरत असल्याने त्यांना साध्या पेल्यातून पाणी पिता येत नसे. नळी व झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरच्या प्रारंभी विशेष न्यायालयात अर्ज केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवसांची मुदत मागितली आणि त्यानंतर, अशी वस्तू आपण जप्त केलीच नव्हती, असे सांगितले. पेला कोणाकडे आहे, हा वाद न्यायालयापुढे आला. परंतु बंद्याने त्या दिवशी पाणी कसे प्यावे, हा प्रश्न तसाच राहिला. वास्तविक अशी वस्तू बाजारात अल्प किमतीत मिळते. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयापुढे दूरदृश्य माध्यमातून बोलताना, तळोज्यास आलो तेव्हा आपण स्वतः चालू, लिहू, जेवू शकत होतो, आता ते शक्य नाही, असे त्यांनी सांगितले. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्याच कारागृहात त्याच प्रकरणातील गौतम नवलखा यांचा चष्मा नोव्हेंबर २०२० मध्ये चोरीस गेला. घरच्यांनी टपालाने पाठविलेला नवा चष्मा कारागृहाने स्वीकारला नाही, अशी तक्रार झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याची दखल घेऊन माणुसकीची आठवण करून दिली व कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची सूचना केली. चष्मा ही चैनीची वस्तू नाही, हे न्यायालयाला सांगावे लागावे, हेच बोलके आहे.

कायद्याची भूमिका :

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'वाजवी समायोजन' या संकल्पनेची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेले आवश्यक व योग्य फेरबदल, असा तिचा आशय असून त्यामुळे संस्थेवर अवाजवी भार पडू नये, एवढीच मर्यादा आहे. नळीचा पेला वा चष्मा ही मर्यादा ओलांडतो, असे कोणी म्हणणार नाही. कंपवात या अधिनियमाच्या अनुसूचीत समाविष्ट आहे. शिवाय विकास कुमार प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने समायोजनाचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नेल्सन मंडेला नियमांतील (२०१५) पाचव्या नियमानेही कारागृह प्रशासनावर हीच जबाबदारी टाकली आहे.

समायोजन म्हणजे सवलत नव्हे, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. सवलत मागणाऱ्यास उपकाराची भाषा बोलावी लागते आणि ती नाकारताही येते. प्रा. जी. एन. साईबाबा बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर होते. नागपूर मध्यवर्ती कारागृहात मदतीविना आपणास शौचालयातही जाता येत नव्हते, असे त्यांनी सुटकेनंतर सांगितले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते निवर्तले. आपल्या शारीरिक गरजेसाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची ती वर्षे निर्दोषत्वाच्या निकालाने भरून येत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये एल. मुरुगनंथम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील कारागृहांसाठी विस्तृत निर्देश दिले : प्रवेशाच्या वेळीच दिव्यांगत्वाची नोंद, सुगम शौचालये व उतार, उपचार आणि कारागृहांची तपासणी. यांपैकी प्रवेशावेळची नोंद हा सर्वांत कमी खर्चाचा व सर्वाधिक परिणामकारक उपाय म्हणावा लागेल. तळोज्याच्या फाटकावरच ही विचारपूस होऊन तिची नोंद झाली असती आणि त्या नोंदीवर त्याच दिवशी कार्यवाही झाली असती, तर पेल्यासाठी वकिलास अर्ज लिहावा लागला नसता.