स्वामित्वहक्काची मुदत नेमकी संपते कधी?

छत्रपती संभाजीनगर : दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाबासाहेबांचे ग्रंथ तेथे हातोहात खपतात. ते छापण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला सहसा पडत नाही. छापणाऱ्याने मात्र तो विचारलाच पाहिजे, कारण त्याचे उत्तर पुस्तकागणिक बदलते.

स्वामित्वहक्क, अर्थात कॉपीराइट, साहित्यकृतीला ती लिहिली जाताच लाभतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ५०० रुपये शुल्क भरून नोंदणी करता येते. वाद न्यायालयात गेल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. संरक्षण मिळते ते शब्दांकनाला, कल्पनेला नव्हे. दुष्काळावर कादंबरी लिहिण्याचा मक्ता कोणाकडेच नाही. दुसऱ्याने लिहिलेली पाने मात्र उचलता येत नाहीत.

१९५७ च्या कायद्यात हे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होते. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होते. त्या पार्श्वभूमीवर मुदत ६० वर्षे करण्यात आली आणि १९९२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. मोजणी मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०१० संपताच खुली झाली. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांसाठी २०६० संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही छापता येते. येथवर हिशेब सरळ आहे. परंतु लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्धच झाले नाही, त्याचे काय?

अशा लेखनाची ६० वर्षे मृत्यूपासून नव्हे, तर प्रथम प्रकाशनापासून मोजावीत, असे कायद्याचे कलम २४ सांगते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये प्रकाशित झाले. त्याची मुदत २०१७ अखेर संपली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य सरकारच्या ग्रंथमालेतून १९८७ मध्ये बाहेर आले. त्याचे संरक्षण २०४७ अखेरपर्यंत आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चे उदाहरण तर या शहराच्या जवळचेच. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जो अपमान सोसावा लागला, त्याची हकिगत या छोट्या आत्मकथनात आहे. ते पुस्तिकारूपाने १९९० मध्ये आले, येथील मिलिंद महाविद्यालय चालविणाऱ्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे. म्हणजे हिशेब २०५० अखेरपर्यंत जातो. आज ते अनेक संकेतस्थळांवर सहज वाचता येते. पण सहज मिळते ते मोकळे, असा अर्थ कायदा लावत नाही.

दुसरी फसगत अनुवादाची. मूळ इंग्रजी ग्रंथ खुला झाला तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो आणि त्याची मुदत अनुवादकाच्या निधनापासून मोजली जाते. संपादकाच्या प्रस्तावनेला आणि टीपांनाही हेच लागू. जुन्या मराठी आवृत्तीची पाने स्कॅन करून नवे मुखपृष्ठ चढविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मुदत संपली म्हणून मजकुरात वाटेल तशी काटछाट करण्याचीही मुभा मिळत नाही. लेखकाच्या लौकिकाला बाध येईल अशा विपर्यासाला त्याचे वारस कलम ५७ खाली आव्हान देऊ शकतात.

विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काही पानांची झेरॉक्स काढणे किंवा समीक्षकाने उतारा देणे कायद्याला मान्य आहे. विक्रीसाठी अख्खे पुस्तक छापणे मात्र गुन्हा ठरतो. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.