संमतीपत्राची दुसरी प्रत

उरण तालुक्यातल्या जासईच्या माणसाला सही कर म्हटले, की तो आधी कागद उलटून मागची बाजू पाहतो. आणि ज्या गावाने १९७० नंतर नव्या मुंबईसाठी भूसंपादनाच्या नोटिसा घेतल्या, ज्या गावात शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचा जन्म झाला आणि ज्याच्या पंचक्रोशीत १९८४ च्या जानेवारीत मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले, त्या गावाची ही खोड संशयी स्वभावातून आलेली नसून अनुभवातून आलेली आहे. याच गावचा कोणी आजारी माणूस खाडी ओलांडून खारघरच्या 'टाटा' कर्करोग रुग्णालयात जातो आणि तिथे त्याच्यापुढे कदाचित एक संशोधनाचे संमतीपत्र ठेवले जाते. त्या कागदामागे कोणते दफ्तर चालते, हे म्हणूनच पाहण्याजोगे आहे.

टाटा स्मारक रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. डॉ. वसंत खानोलकरांनी नावारूपास आणलेली, १९५२ मध्ये स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था १९६६ मध्ये त्याच छत्राखाली आली आणि पुढे २००२ मध्ये खारघरला हलली. कर्करोगाचे इस्पितळ अणुऊर्जेच्या ताब्यात, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु संशोधन हे नित्यकर्म मानणारे खाते वाट्यास आल्याने रुग्णसेवा आणि प्रयोग यांची या घरात फारकत झाली नाही, असे मला वाटते.

एखाद्या डॉक्टराच्या मनात नवी कल्पना आली, तरी ती रुग्णापर्यंत थेट पोहोचत नाही. मसुदा प्रथम शास्त्रीय छाननीस जातो, कारण जो प्रयोग शास्त्रदृष्ट्या कच्चा आहे त्यात माणसे गुंतवणे हाच अधर्म. त्यानंतर तो नीतिसमितीपुढे, म्हणजे तेथील बोलीत 'एथिक्स कमिटी'पुढे दाखल होतो. औषधचाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सभासद लागतात, त्यांतील निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, शिवाय एक कायदेपंडित आणि एक सामान्य नागरिक. हा सामान्य नागरिक मला या सबंध यंत्रणेतील सर्वांत मोलाचा वाटतो. कारण मसुद्यातील जे वाक्य त्याला कळत नाही, ते जासईच्या म्हातारीला कळण्याची आशा नसते. मंजुरीनंतरही सुटका नाही. चाचणीत कोणाला गंभीर अपाय झाला, तर त्याची वर्दी २४ तासांच्या आत द्यावी लागते.

आता तो कागदच पाहू. प्रत्येक पानाच्या तळाशी मसुद्याचा क्रमांक आणि तारीख असते, जेणेकरून जुना मसुदा नव्याच्या जागी कोणी सरकवू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घेताना संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. रुग्णाच्या नोंदीत आकडा चुकला तर पांढरी शाई लावून तो झाकता येत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आद्याक्षरी व तारीख घालायची. फेरफाराच्या नोंदवहीतील खाडाखोडीपायी ज्यांनी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवले, त्यांना या एका रेघेचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

देखरेख म्हणजे केवळ अडवणूक नव्हे, हे तोंडाच्या कर्करोगाच्या 'टाटा'तील एका चाचणीत दिसले. मानेत गाठ लागत नसताना मुखाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेचीही करावी की गाठ दिसेतो थांबावे, हा शल्यचिकित्सकांचा जुना वाद; डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण त्यासाठी चिठ्ठी टाकून दोन गटांत घेतले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब मांडला, तेव्हा आधीच मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते आणि थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. ठरलेली रुग्णसंख्या भरण्यापूर्वीच भरती थांबवली गेली. उत्तर हाती आल्यावर आणखी माणसांना चिठ्ठीवर सोडणे अन्यायाचे झाले असते.

'टाटा'चेच दुसरे उदाहरण इतके सरळ नाही. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रिया दोन गटांत घेऊन, एका गटाची गर्भाशयमुखाची तपासणी साध्या अॅसिटिक आम्लाने, अल्पप्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी, दर दोन वर्षांनी करण्यात आली. दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि त्याबरोबरच तुलनेच्या गटाला वंचित का ठेवले, त्या स्त्रियांना पुरते समजावले होते काय, हा आक्षेपही उठला. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या वस्त्यांत मुळात कसलीच नियमित तपासणी नव्हती. ते खरे आहे; परंतु जे मुळात मिळत नव्हते ते न देणे निर्दोष ठरते काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्याने अजून देववत नाही, आणि ज्या समितीला ते झटकन देता येते तिच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

संमतीपत्रात एक कलम असते: रुग्णाने कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडावे, त्याचे उपचार थांबणार नाहीत. भूसंपादनाच्या निवाड्यात असे कलम नव्हते. सहीनंतर एक प्रत दफ्तरात राहते आणि दुसरी रुग्णाला मिळते; ती केसपेपर आणि रेशनकार्डासह प्लास्टिकच्या पिशवीत घडी होऊन उलव्याच्या रस्त्याने गावी येते, आणि संध्याकाळी ओटीवर नातू ती मोठ्याने वाचू लागला, की आजोबा म्हणतात, "सावकाश वाच, बाळा. मागचं पानपण."