आईबापांमागे आजा-आजी

भंडारा जिल्ह्यात नातवंडांचा सांभाळ आजी-आजोबांवर येतो तो दोन निरनिराळ्या कारणांनी. एकतर आईबाप मजुरीसाठी काही महिने बाहेरगावी जातात. नाहीतर ते हयात नसतात, सोडून गेलेले असतात किंवा आजारपणामुळे मूल सांभाळू शकत नाहीत. शेजाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसतात. कायदा आणि सरकारी मदत यांच्या लेखी मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

पहिले कारण धानाच्या शेतीत आहे. रोवणी पावसाळ्यात होते, कापणी-मळणी दिवाळीच्या आगेमागे उरकते. पुढे ओलिताची सोय नसलेल्या बांधीत काम राहत नाही. मग पवनी, लाखांदूर भागातली मजूर जोडपी तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही नागपूरकडे बांधकामावर. हा काळ नेमका शाळेच्या दुसऱ्या सत्राचा. मूल सोबत नेले तर शाळा बुडते, म्हणून ते आजीजवळ राहते. आईबापांचा हिशेब बरेचदा काम संपल्यावर होतो; तोवर घर चालते रेशनवर, शाळेतल्या दुपारच्या जेवणावर आणि किराणा दुकानातल्या उधारीवर. रेशनच्या प्राधान्य गटाला माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. पण मुलाचे नाव बापाच्या वेगळ्या कार्डावर असेल, तर दुकानातल्या यंत्रावर त्याच कार्डावरील कोणाचा तरी अंगठा लागतो. आईबाप गावात नसताना म्हाताऱ्यांची पहिली अडचण इथे होते. मुलाचे नाव आजीच्या कार्डावर असले की ती टळते.

दुसऱ्या प्रकारच्या घरात बाहेरून पैसा येतच नाही. कमवायचे ते आजा-आजीनेच. शेतमजुरी झेपेनाशी झालेल्या बायका या पट्ट्यात जुन्या असलेल्या विडीकामाकडे वळतात. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचे आणि सूत बांधायचे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि वाईट वळलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. नजर मंदावली आणि बोटे आखडली की दिवसाचा आकडा घटतो. नातवाचा खर्च मात्र इयत्तेगणिक वाढत जातो. या घरांची खरी ओढाताण ती हीच.

कायद्याची बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि त्याच्यानंतर आई येते. आजी-आजोबा येत नाहीत. दहा वर्षे सांभाळ केला तरी ते आपोआप पालक ठरत नाहीत. मुलाच्या नावची जमीन किंवा बापाच्या मृत्यूनंतर मिळालेली भरपाई यांचा व्यवहार करायची वेळ आली की हे आड येते. त्यावर उपाय पालक व पाल्य अधिनियम 1890 चा: जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मिळवायची.

मदतीच्या योजना आहेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एकच पालक असलेल्या, तसेच पालक दुर्धर आजारी असलेल्या 18 वर्षांखालील मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला 4,000 रुपयांचे प्रायोजकत्व आहे; त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 72,000 रुपये ठेवली आहे. आजा-आजी 65 वर्षांचे आणि पात्र असतील तर श्रावणबाळ योजनेचे 1,500 रुपये त्यांचे स्वतःचे. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे जातो. आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे प्रमाणपत्र आणि बँक खाते एवढी जमवाजमव करावी लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला हे एकटीने जमणे कठीण, आणि अनेक घरे इथेच मागे राहतात. बाप हयात आहे पण बेपत्ता आहे, अशा घराचे हाल तर सर्वांत जास्त; मृत्यूचा दाखला नाही आणि बापाचा आधारही नाही. अशा मुलाची हकीकत थेट समितीपुढे मांडणे हाच रास्त मार्ग आहे.

एक गोष्ट बहुतेक घरांत कोणी तोंडावर आणत नाही. साठीतल्या आजीने दोन वर्षांचे मूल हाती घेतले, तर ते सज्ञान होईपर्यंत ती पंच्याहत्तरी ओलांडते. तिच्यामागे मूल कोणाकडे? 1956 च्या कायद्याने मृत्युपत्राद्वारे मुलाचा पालक नेमण्याचा अधिकार आईबापांना दिला आहे, आजी-आजोबांना नाही. तेव्हा मामा, काका, आत्या यांपैकी जो पुढे सांभाळणार असेल त्याला आपण हातीपायी धड असतानाच विश्वासात घ्यावे आणि पालकत्वाच्या अर्जात त्याचेही नाव घालता येईल का, हे वकिलाला विचारावे. वकिलाची फी परवडत नसेल, तर मुलांना आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. गावातल्या अंगणवाडी सेविकेने, शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने अशा एका म्हातारीसोबत महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयापर्यंत जरूर जावे.