बॉस्टनचा चहा आणि आडासची वाट

भरूचच्या जुन्या किल्ल्यापाशी डेव्हिड वेडरबर्न नावाच्या एका गोऱ्या सेनानीची कबर आहे. नोव्हेंबर १७७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर फौजेने नबाबाकडून भरूच घेतले, त्या वेढ्यात तो मारला गेला. हिंदुस्थानात येण्यापूर्वी त्याने अमेरिकेत, पश्चिम फ्लोरिडात लष्करी चाकरी केली होती. त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर लंडनला इंग्लंडच्या राजाचा सॉलिसिटर जनरल होता. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलच्या भरल्या सभेत या अलेक्झांडरने अमेरिकन वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला उभे करून तासभर वाटेल तसे सुनावले. फ्रँकलिनने तोंडातून एक शब्दही काढला नाही. इंग्लंडशी जुळवून घेता येईल ही त्याची आशा त्या दिवसानंतर ओसरत गेली, असे अमेरिकेचे इतिहासकार मानतात. नर्मदेच्या काठी कंपनीसाठी मेलेला एक भाऊ आणि अमेरिकेला कायमचे दुखावणारा दुसरा, असे हे एकाच घरातले दोघे.

आपल्याकडे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध जगाच्या इतिहासात शिकवतात आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध मराठ्यांच्या इतिहासात. दोन्हींची वर्षे जवळजवळ तीच आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. बडोद्याच्या गायकवाडांचे त्या दहा वर्षांत काय झाले हे समजून घ्यायचे, तर ही दोन्ही युद्धे एकत्र वाचली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

मुळात सगळा घोळ पैशाचा होता. बंगालची दिवाणी हाती आल्यावर कंपनीच्या भागधारकांना सोन्याचा धूर दिसू लागला. पण १७७० च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला, लष्कराचा खर्च फुगला आणि १७७२ मध्ये कंपनीवर दिवाळे वाजायची पाळी आली. लंडनच्या वखारीत दीड कोटी रत्तलांहून जास्त चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले आणि त्याच वर्षी दोन कायदे केले. चहाच्या कायद्याने कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा मिळाली. रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईच्या कौन्सिलची युद्ध-तहाची सूत्रे कलकत्त्याच्या हाती दिली. पहिल्या कायद्यामुळे १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. दुसऱ्याची झळ पुण्याला आणि बडोद्याला लागली.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि त्याचे काका राघोबादादा इंग्रजांच्या दाराशी जायला मोकळे झाले. बडोद्याची भाऊबंदकी तर आधीपासूनच पेटलेली होती. १७६८ मध्ये दमाजी गायकवाड वारले. त्यांचे थोरले चिरंजीव सयाजीराव कारभार पाहण्याजोगे नव्हते. गोविंदराव आणि फत्तेसिंगराव या त्यांच्या भावांनी सेनाखासखेल पदासाठी पुण्याकडे धाव घेतली. पुण्याने काय केले? आधी गोविंदरावांना वस्त्रे दिली, पुढे ती फिरवून फत्तेसिंगरावांची बाजू उचलून धरली, आणि दोन्ही वेळा नजराण्याची रक्कम चढवून घेतली. फत्तेसिंगरावांना फितूर म्हणणाऱ्यांनी पुण्याने लावलेली ही बोली आधी वाचावी. गादीचा लिलाव करणाऱ्या धन्यावर किती निष्ठा ठेवायची?

जानेवारी १७७५ मध्ये गोविंदराव बडोद्याला वेढा घालून बसले होते, तिथे राघोबादादा त्यांना येऊन मिळाले. कोटाच्या आत फत्तेसिंगराव होते. हरिपंत फडके राघोबांविरुद्ध पुण्यात एकवटलेल्या बारभाईंची फौज घेऊन आल्यावर वेढा उठला, मही नदीपलीकडे राघोबांचा पराभव झाला आणि ते खंबायतमार्गे पळून सुरतेला पोहोचले. ६ मार्चला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई लिहून दिली.

मी राहतो त्या बडोद्याच्या गोरव्यातून छाणी, रणोली करत महीचा पूल ओलांडला की वासद येते आणि पुढे आडास. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेल्या विद्यार्थ्यांमुळे हे गाव गुजरातेत सर्वांना ठाऊक आहे. १७७५ ची आठवण मात्र तिथे कोणी काढत नाही. कर्नल कीटिंगची इंग्रज पलटण एप्रिलमध्ये धर्मजजवळ राघोबांच्या फौजेला मिळाली. आज ज्या धर्मजची कितीतरी पाटीदार घरे अमेरिकेत नांदत आहेत, तेच हे धर्मज. त्याच एप्रिलच्या १९ तारखेला मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावी राजाच्या शिपायांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. ती बातमी गुजरातेत पोहोचायला कित्येक महिने लागणार होते.

आडासची लढाई १८ मेची. या चरोतर भागातल्या वाटा दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणांमुळे चिंचोळ्या असतात. अशाच एका वाटेवर हरिपंतांच्या घोडेस्वारांनी कीटिंगच्या पिछाडीला गाठले. धुमश्चक्रीत ग्रेनेडियर शिपाई एकाएकी मागे वळले. ते पाहून बाकीच्यांना वाटले की आता पळायचेच. तोफखान्याने वेळ निभावून नेली, मैदान इंग्रजांकडे राहिले, पण मेलेले आणि जखमी धरून त्यांची दोनशेवर माणसे गारद झाली. या मोहिमेत कीटिंगचा चिटणीस म्हणून जेम्स फोर्ब्स नावाचा तरुण होता. पुढे तो डभोईचा कलेक्टर झाला, आणि १८१३ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’मध्ये गुजरातची झाडे, पक्षी, माणसे मोठ्या मायेने उतरली आहेत. ज्या मुलखात आपण लढाई घेऊन आलो त्यावर त्याने इतका जीव लावावा, याचे मला आजही कोडे वाटते.

लढाई जिंकूनही मुंबईकरांच्या हाती काही लागले नाही. नव्या कायद्याचा आधार घेऊन कलकत्त्याने हे युद्धच बेकायदा ठरवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. चार महिन्यांनी फिलाडेल्फियात तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला.

यानंतरचे धागे फ्रान्सकडे जातात. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील चौलला उतरून पुण्यात आला. माणूस भरवशाचा नव्हता, पण पुण्याचा कारभार पाहणाऱ्या नाना फडणविसांनी त्याला असा काही मान दिला की इंग्रजांची झोप उडाली. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी उघड मैत्रीचा तह केल्यावर तर कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जला पुण्यात फ्रेंच पलटणी दिसू लागल्या. बंगालची फौज खुष्कीने अख्खा हिंदुस्थान ओलांडून सुरतेला आली ती याच भीतीपोटी. वाटेत तिची सूत्रे गॉडर्ड या सेनानीकडे आली. ती पोहोचण्यापूर्वीच, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईकरांनी वडगावला शरणागती लिहून दिली होती.

आता नानांनी म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून चौकडी उभी केली. अमेरिकेत तेरा वसाहतींच्या काँग्रेसला फ्रान्सची जोड मिळाली होती. इथेही इंग्रजांविरुद्ध तसाच मेळ बसत होता. त्याला पहिली चीर गेली ती बडोद्यात. गॉडर्डने जानेवारी १७८० मध्ये डभोई घेतले आणि जवळच्या कुंढेल्याला फत्तेसिंगरावांशी तह केला: महीच्या उत्तरेचा पेशव्यांचा मुलूख गायकवाडांचा, दक्षिणेत इंग्रजांचा वाटा. १५ फेब्रुवारीला अहमदाबाद पडले आणि ते फत्तेसिंगरावांच्या हवाली झाले. दमाजींच्या मुलाला पेशव्यांच्या खंडणीतून सुटायचे होते. त्याला दुसरा रस्ता पुण्याने ठेवला नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. पण इंग्रजांना त्या क्षणी याहून मोठी मदत कोणी केली नाही.

हैदरची कीर्ती मात्र समुद्रापार गेली होती. एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या खाडीत पेन्सिल्व्हेनियाच्या एका छोट्या जहाजाने आपल्याहून बळकट इंग्रज जहाज पकडले. त्या छोट्या जहाजाचे नाव ‘हैदर अली’. फिलिप फ्रेनो या कवीने त्यावर कविताही लिहिली.

पुढच्याच महिन्यात, १७ मे १७८२ रोजी, सालबाईचा तह झाला. अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रे ठेवून तेव्हा सात महिने झाले होते आणि इंग्रजांना सगळीकडची युद्धे मिटवायची घाई होती. तहाने अहमदाबाद गायकवाडांच्या हातून गेले, मुलूख युद्धापूर्वी होता तसा ठरला, आणि खंडणी पुन्हा मानगुटीवर बसली. थकबाकी मात्र माफ झाली.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर त्याच्या बाजूने मराठी फौज घेऊन जे उभे होते ते हरिपंत फडके, आडासला इंग्रजांना झुंजवणारे. समोर हैदरचा मुलगा टिपू. दहा वर्षांपूर्वीच्या चौकडीचे एवढेच उरले होते.

अमेरिकेत १८०१ ला जेफर्सन अध्यक्ष झाले आणि १८०३ मध्ये त्यांनी नेपोलियनकडून लुइझियाना विकत घेऊन देश दुप्पट केला. त्याच सुमारास बडोद्यात, १८०० मध्ये, पुढे गादीवर आलेले गोविंदराव वारले, त्यांचे चिरंजीव आनंदराव यांच्या कारकिर्दीत घरातली भांडणे पुन्हा उसळली आणि १८०२ मध्ये मेजर वॉकर रेसिडेंट होऊन बसला. एप्रिल १८०५ च्या तहाने तीन हजार शिपायांची तैनाती फौज बडोद्याच्या माथी आली. तिच्या खर्चापोटी ११ लाख ७० हजार रुपये वसुलाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा लागला, आणि बाहेरच्या राज्यांशी बोलणी करायची तर तीही कंपनीमार्फतच, असे ठरले.